निसर्गरक्षणाला संशोधनाची जोड : केवलादेवच्या पाणथळाचा धडा

वने, कुरणे, तळी आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे पशुपक्षी यांचे रक्षण करणे हे शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे, याविषयी आज दुमत राहिलेले नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने हे कर्तव्य अनुच्छेद ४८-क अन्वये राज्यावर आणि अनुच्छेद ५१-क अन्वये प्रत्येक नागरिकावर सोपविले आहे. प्रश्न उरतो तो हे रक्षण कोणत्या रीतीने करावयाचे, हा. कोठे कुंपण घालावे, कोठे चराई थांबवावी, कोठे लाकूडतोडीस मुभा द्यावी, कोठे नुसते हात आवरून बसावे, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी निराळे असते. ते चांगल्या हेतूवरून ठरत नाही, तर त्या जागेच्या निरीक्षणावरून ठरते. मनाईचा हुकूम एका दिवसात निघतो, परंतु त्याचा परिणाम कळावयास अनेक वर्षे लागतात. मधल्या काळात कोणी मोजमाप केले नाही, तर हुकूम योग्य होता की अयोग्य हे कधीच कळत नाही.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासनीय आहे. तेथे एक मोठा निर्णय घेतला गेला आणि सुदैवाने त्या निर्णयाच्या आधीपासून एक दीर्घ अभ्यास चालू होता. निर्णयाचा परिणाम त्यामुळे अंकांत नोंदला गेला आणि तो निर्णय घेणाऱ्यांच्या व तज्ज्ञांच्या अपेक्षेहून वेगळा निघाला.

माणसाच्या हातून घडलेले पाणथळ

केवलादेव उद्यानाचे क्षेत्र अवघे २९ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. मध्यभागी असलेल्या केवलादेव महादेवाच्या मंदिरावरून त्यास हे नाव पडले. दाट झाडीमुळे स्थानिक लोक त्यास ‘घना’ म्हणतात. साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची तेथे नोंद झाली आहे. पावसाळ्यात बगळे, पाणकावळे, चमचे व रंगीत करकोचे तेथील बाभळींवर हजारोंच्या संख्येने घरटी बांधतात, आणि हिवाळ्यात मध्य व उत्तर आशियातून रानबदके व कलहंस उतरतात.

इतके समृद्ध असलेले हे पाणथळ निसर्गाने एकट्याने घडविलेले नाही. मुळात तो एक खोलगट भूभाग होता. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध बांधला गेला, आणि गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या पुराचे पाणी अडविले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानाने शिकारीच्या सोयीसाठी तेथे कालवे, बांध व दारे करून पाण्याचे लहानमोठे कप्पे पाडले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तेथील शिलालेखावर कोरलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर डॉ. सालिम अली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांच्या प्रयत्नांमुळे या जागेचे स्वरूप पालटले. १९५६ साली ते पक्षी अभयारण्य झाले. १९८१ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद झाली, १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि १९८५ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला.

या सर्व काळात भोवतालच्या गावांचा त्या भूमीशी नित्याचा संबंध होता. गावकऱ्यांची गुरे, विशेषतः म्हशी, तेथे चरत असत. बायाबापड्या गवत व जळण आणीत असत आणि काही लोक वाळ्याची मुळे खणून विकत असत. संस्थानी काळात पाणी अडविणारे, शिकार करणारे आणि गुरे चारणारे असे तिघेही त्या जागेस आकार देत होते. त्यांतील शिकार बंद होणे इष्टच होते. गुरांच्या चराईविषयी मात्र कोणीही नीट मोजमाप केलेले नव्हते.

चराईबंदीचा निर्णय

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याने अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत भेद केला आहे. अभयारण्यात चराईचे नियमन करता येते. राष्ट्रीय उद्यानात मात्र पाळीव जनावरांच्या चराईस परवानगीच नाही. म्हणून राष्ट्रीय उद्यानाच्या घोषणेबरोबर चराई थांबविणे क्रमप्राप्त ठरले. गुरे गवत संपवितात, पक्ष्यांना उपद्रव देतात व जमीन तुडवितात, असेच त्या काळी बहुतेक अधिकाऱ्यांचे व पक्षितज्ज्ञांचेही मत होते. हे मत वरवर पाहता सयुक्तिक होते आणि त्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी अमलात आली. ज्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत होती, त्यांना पर्यायी कुरण किंवा वैरणीची पुरेशी व्यवस्था मिळालेली नव्हती. ग्रामस्थ व पोलीस यांच्यात संघर्ष उद्‌भवला, गोळीबार झाला आणि त्यात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. पक्ष्यांच्या रक्षणासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली गेली. म्हणूनच त्या निर्णयाने पक्ष्यांचे खरोखर हित झाले की नाही, हा प्रश्न केवळ विद्यापीठीय जिज्ञासेचा राहिला नाही.

दहा वर्षांचा अभ्यास

१८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरतपूरशी जुने नाते आहे. पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे काम तिने १९६० च्या दशकात तेथे केले होते. १९८० साली सोसायटीने उद्यानाच्या एकूण परिस्थितिकीचा अभ्यास हाती घेतला. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तो १९९० पर्यंत चालला आणि १९९१ मध्ये त्याचा अंतिम अहवाल सिद्ध झाला.

या अभ्यासाचे महत्त्व त्याच्या कालावधीत आहे. बंदीपूर्वीची सुमारे दोन वर्षे आणि बंदीनंतरची आठ वर्षे अशा दोन्ही काळांतील निरीक्षणे संशोधकांच्या हाती आली. पाण्याची खोली व गुण, पाणवनस्पतींची वाढ, मासे, कीटक, पक्ष्यांच्या संख्या व त्यांची घरटी या सर्वांची नोंद एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे होत राहिली. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला म्हणून पक्षी घटले, की अन्य काही कारणाने घटले, हे एका हंगामाच्या पाहणीवरून सांगता येत नाही. दहा वर्षांच्या नोंदी जवळ असल्या म्हणजे चांगली व वाईट वर्षे परस्परांशी ताडून पाहता येतात आणि खऱ्या कारणाचा माग लागतो.

अनपेक्षित निष्कर्ष

बंदीनंतर पाणथळात पॅस्पॅलम डिस्टिकम या शास्त्रीय नावाच्या गवताची बेसुमार वाढ झाल्याचे संशोधकांना आढळले. हे गवत सरपटत पसरते आणि त्याच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात. उथळ पाण्यावर त्याचा जाड गालिचाच तयार होतो. म्हशी पाण्यात उभ्या राहून हे गवत खात असत. त्या जाताच गवताला आवर राहिला नाही.

गवताच्या या गालिचाने उघडे पाणी झाकले गेले. पाण्याखालील वनस्पतींना सूर्यप्रकाश मिळेना आणि माशांना मोकळा वावर राहिला नाही. उघड्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांची व पाण्यात चोच घालून भक्ष्य शोधणाऱ्या पक्ष्यांची जागा आकुंचित झाली. कोरड्या ऋतूत वाळलेल्या गवतामुळे वणव्याचा धोकाही वाढला. ज्या जनावरांना पक्ष्यांचे शत्रू मानून बाहेर काढले होते, ती पक्ष्यांसाठी पाणी उघडे ठेवण्याचे काम नकळत करीत होती, असा या अभ्यासाचा सरळ अर्थ होता.

संशोधकांनी आपला निष्कर्ष स्पष्टपणे मांडला आणि मर्यादित संख्येने म्हशींना पाणथळात चरू द्यावे, अशी शिफारस केली. पूर्वी चराईबंदीस अनुकूल असलेल्या शास्त्रज्ञांच्या वर्तुळातूनच ही शिफारस पुढे आली, ही गोष्ट विशेष नोंद घेण्यासारखी आहे. स्वतःच्या पूर्वमताविरुद्ध पुरावा मिळाल्यास तो लपवू नये, हा संशोधनाचा पहिला नियम येथे पाळला गेला.

निष्कर्षाची मर्यादा

या ठिकाणी एका सावधगिरीचा उल्लेख आवश्यक आहे. केवलादेवची कीर्ती ज्या सायबेरियन क्रौंचामुळे दूरवर पसरली होती, तो पक्षी याच काळात दुर्मीळ होत गेला. १९६० च्या दशकाच्या मध्यास तेथे सुमारे २०० क्रौंच हिवाळा घालवीत असत. पुढे त्यांची संख्या सतत घटत गेली आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. या ऱ्हासाचे खापर केवळ चराईबंदीवर फोडणे चुकीचे होईल. हे पक्षी हजारो किलोमीटरचा प्रवास करून येत. त्या वाटेवर होणारी त्यांची शिकार आणि वाटेवरील पाणथळांचा नाश ही घटीची मोठी कारणे मानली जातात. उद्यानाच्या भिंतीच्या आत कितीही चोख व्यवस्था ठेवली, तरी तिचा अंमल भिंतीबाहेर चालत नाही.

तथापि उद्यानालगतच्या आघापूर गावच्या लोकांनी या संदर्भात एक कल्पना मांडली होती, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. पूर्वी लोक वाळ्याची मुळे खणीत, त्यामुळे जमीन भुसभुशीत राही आणि क्रौंचांना मातीतील कंद चोचीने सहज उकरता येत. खणणे बंद झाल्यावर जमीन घट्ट झाली आणि क्रौंचांचे अन्न दुर्लभ झाले, असे त्यांचे म्हणणे होते. हे सिद्ध झालेले सत्य नव्हे. परंतु काही जागी खणून व काही जागी न खणता तपासून पाहता यावे, असे ते नेमके अनुमान आहे. शास्त्रज्ञ ज्याला गृहीतक म्हणतात, तेच गावकऱ्यांनी आपल्या रोजच्या अनुभवातून मांडले होते. अशा अनुमानास हसून सोडून देणे जसे अयोग्य, तसेच ते न तपासता खरे मानणेही अयोग्य होय.

शिफारस आणि व्यवहार

निष्कर्ष हाती आला म्हणून व्यवस्था लगेच बदलतेच असे नाही. राष्ट्रीय उद्यानात चराईस कायद्याची मनाई होती, त्यामुळे म्हशी पुन्हा आत सोडण्याची शिफारस अमलात येणे कठीण होते. गवत यंत्रांनी व मजुरांकरवी काढण्याचे प्रयत्न झाले, परंतु जे काम म्हशी फुकट करीत होत्या, त्यावर आता खर्च करावा लागला. कालांतराने ग्रामस्थांना परवाने देऊन गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. यात उद्यानाचे व गावाचे हित काही अंशी तरी जुळून आले.

पुढे विलायती बाभळीने उद्यानाचा कोरडा भाग व्यापला, तेव्हा हाच अनुभव उपयोगी पडला. २००७ च्या सुमारापासून भोवतालच्या गावांतील समित्यांमार्फत ही झाडे मुळासकट काढून घेण्यात आली आणि लाकूड गावकऱ्यांना मिळाले. ज्यांना एकेकाळी बाहेर काढले होते, त्यांच्याच श्रमाने उद्यानाची जमीन मोकळी झाली.

या उद्यानाने आणखी एक गोष्ट शिकविली आहे, ती पाण्याची. उद्यानाला दरवर्षी साधारणतः ५५ कोटी घनफूट पाण्याची गरज असते. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यावर खालच्या बाजूस येणारे पाणी आटले. २००४ च्या सुमारास या पाण्यावरून शेतकरी व उद्यान यांच्या गरजांचा तीव्र झगडा उभा राहिला. नंतर गोवर्धन नाल्यातून व चंबळ नदीतून नळाद्वारे पाणी आणण्याचे उपाय योजावे लागले. परंतु पुराच्या पाण्याबरोबर नदीतील मत्स्यबीज वाहत येते आणि त्या माशांवर घरट्यांतील हजारो पिले पोसली जातात. कूपनलिकेचे पाणी तळे भरू शकते, परंतु त्यात मासे नसतात. संरक्षित क्षेत्राचे व्यवस्थापन त्याच्या सीमेवर संपत नाही, ते नदीच्या वरच्या खोऱ्यापर्यंत पोहोचते, हे यावरून दिसून येते.

बांबूच्या बेटातील काटे

केवलादेवचा अनुभव एकाकी नाही. त्याच सुमारास कर्नाटकातील वनांतही असाच प्रकार उघडकीस आला होता. कागद गिरण्यांना पुरविला जाणारा बांबू झपाट्याने संपत चालला, तेव्हा १९७५ मध्ये कर्नाटक शासनाने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. माधव गाडगीळ यांच्याकडे त्याच्या अभ्यासाचे काम सोपविले. डॉ. एस. नरेंद्र प्रसाद हे या कामातील त्यांचे सहकारी होते.

काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे वाढते. या दाटीमुळे नव्या कोंबांची वाढ खुंटते, असे समजून तोडीच्या वेळी हे जाळे साफ करण्याची पद्धत रूढ झाली होती. स्थानिक लोकांचे म्हणणे नेमके याच्या उलट होते. काटे काढले की कोवळे कोंब उघडे पडतात आणि गुरे व रानातील जनावरे ते खाऊन टाकतात, असे ते सांगत. संशोधकांनी बेटांची प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा लोकांचे म्हणणे खरे ठरले. बेट निरोगी राहावे म्हणून केलेली साफसफाईच बेटाच्या नाशास हातभार लावीत होती.

येथे केवलादेवच्या तुलनेत एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. भरतपूरला म्हशींच्या चरण्याने पाणथळ उघडे राहत होते, तर कर्नाटकात गुरांच्या चरण्याने बांबूचे कोंब नष्ट होत होते. म्हणजे चराई ही सर्वत्र वाईट किंवा सर्वत्र चांगली, असा कोणताही सार्वत्रिक नियम करता येत नाही. कोणते जनावर, कोणती वनस्पती, कोणता ऋतू आणि किती संख्या, हे पाहूनच निर्णय करावा लागतो.

महाराष्ट्रातील देवराया

महाराष्ट्रातही अशा अभ्यासाची परंपरा आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांची पाहणी केली. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांत कुऱ्हाड चालवू नये, असा गावोगावचा दंडक होता. भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी या तुकड्यांतून जुन्या वनाचे नमुने टिकून राहिले होते.

श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावाची देवराई तोडली जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा ग्रामस्थांनी तीस विरोध केला. त्यांच्या विरोधामागे केवळ देवाचा कोप होईल ही भीती नव्हती. गावाला पाणी पुरविणारा ओढा त्या रानातून उगम पावतो आणि रान गेले तर पाणी जाईल, हे त्यांना ठाऊक होते. श्रद्धेच्या भाषेत सांगितलेल्या नियमात पुष्कळदा पाण्याचा, औषधी वनस्पतींचा व चाऱ्याचा हिशेब दडलेला असतो. संशोधकाचे काम तो हिशेब उलगडून दाखविण्याचे आहे.

नांदूर मध्यमेश्वर आणि कायद्याची अपेक्षा

पाणथळांच्या बाबतीत महाराष्ट्राला भरतपूरचा धडा अगदी थेट लागू पडतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ असलेले नांदूर मध्यमेश्वर हे ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणून ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी पाटबंधाऱ्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून ते निर्माण झाले. म्हणजे तेही माणसाच्या हातून घडलेले पाणथळ आहे. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०२० साली रामसर यादीत आलेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. वरच्या धरणांतून येणारे पाणी, शेतीतून वाहत येणारी खते व औषधे, बंधाऱ्यातील गाळ, भोवतालच्या गावांची मासेमारी व चराई, या सर्वांचा मेळ घातल्यावाचून अशा जागेचा कारभार नीट चालू शकत नाही.

कायद्यांची दिशाही आता याच बाजूस वळली आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, स्थानिक लोकांच्या साह्याने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. वनहक्क अधिनियम, २००६ याने ग्रामसभांना सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. वन्यप्राण्यांसाठी एखादे क्षेत्र अत्यावश्यक म्हणून राखून ठेवावयाचे झाल्यास प्रत्येक ठिकाणी शास्त्रीय व वस्तुनिष्ठ निकषांवर ते ठरविले पाहिजे, तेथे माणसांचे व प्राण्यांचे सहअस्तित्व शक्य नाही असा निष्कर्ष निघाला पाहिजे आणि ग्रामसभेची संमती घेतली पाहिजे, अशी अपेक्षा हाच अधिनियम करतो. भरतपूरला १९८२ साली जे घडले नाही, ते करण्याची जबाबदारी आता कायद्यानेच आली आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने या हक्काचा उपयोग कसा करावा, हे दाखवून दिले. या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार प्राप्त झाला. परंतु या यशाची तयारी बरीच आधीपासून चालू होती. गावात ‘अभ्यासगट’ भरत असे. बाहेरचे जाणकार व गावकरी एकत्र बसून कायदा, वन, मध, मासे अशा एकेका विषयाचा अभ्यास करीत. ग्रामसभा बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेई. आधी अभ्यास, मग चर्चा व नंतर निर्णय, हा त्या गावाचा क्रम प्रत्येक पंचायतीने अनुसरावा असा आहे.

गावपातळीवरील अभ्यासाची रीत

दहा वर्षांचा अभ्यास करण्यास मोठी संस्था लागते, हे खरे. तथापि त्यामागील तत्त्व इतके साधे आहे की पंचायत, शाळा व वनरक्षक मिळून ते आपल्या गायरानावर वा राखीव कुरणावर वापरू शकतात.

पहिली पायरी अशी की, कोणताही नवा नियम लागू करण्यापूर्वी आजची स्थिती लिहून ठेवावी. बंदी आल्यानंतर मोजणी सुरू केली तर तुलना करावयास काहीच उरत नाही. केवलादेवचा अभ्यास बंदीच्या आधी सुरू झालेला होता, म्हणूनच तो इतका मोलाचा ठरला.

दुसरी पायरी जोडीच्या चौकोनांची. एकसारखी माती व एकसारखा उतार पाहून प्रत्येकी १० मीटर लांबरुंद असे दोन चौकोन शेजारीशेजारी आखावेत. एकास काटेरी कुंपण घालावे, दुसरा नेहमीसारखा उघडा ठेवावा. एकच जोडी योगायोगाने फसवू शकते. म्हणून गायरानाच्या निरनिराळ्या भागांत निदान तीन जोड्या असाव्यात. पावसाळा संपताच एकदा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा, दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात, दोन्ही चौकोनांतील गवताच्या जाती, उंची, झाडांची रोपे व उघडी जमीन यांची नोंद करावी. विज्ञानाच्या शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून हे काम सहज करून घेता येईल. रोपे मोजताना विद्यार्थी जे शिकतील, ते पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून शिकता येणार नाही.

तिसरी पायरी वापराच्या नोंदीची. कोणती कुटुंबे जळण, गवत, डिंक, मोहाची फुले किंवा मासे आणतात, कोणत्या महिन्यात आणतात, पूर्वीपेक्षा लांब जावे लागते काय, हे विचारून लिहावे. यात स्त्रियांना, गुराख्यांना, मेंढपाळांना व भूमिहीनांना आवर्जून विचारावे. सभेत बहुधा ज्यांचा आवाज ऐकू येत नाही, त्यांचेच पाय रानात रोज पडतात, आणि बंदीची झळ प्रथम त्यांनाच लागते.

चौथी पायरी पाण्याची. ठरलेल्या चार-पाच विहिरींची पातळी दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी दोरीने मोजावी व त्याबरोबर पावसाचा आकडा लिहावा.

पाचवी व अखेरची पायरी म्हणजे ही वही कपाटात न ठेवता वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखविणे. तीन वर्षे नोंदी झाल्यावर नियम कायम ठेवावा, सैल करावा की बदलावा, याचा निर्णय घ्यावा. नियम करतानाच ‘तीन वर्षांनी फेरविचार’ असे ठरावात लिहिले, तर पुढे तो बदलण्यात कोणालाही कमीपणा वाटणार नाही.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत एक सूचना अधिक करता येईल. बदलीबरोबर नोंदींची परंपरा तुटते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. म्हणून नोंदवही व्यक्तीची न राहता कार्यालयाची व गावाची राहिली पाहिजे आणि तिची एक प्रत शाळेत असावी. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या वा प्राणिशास्त्राच्या विभागाशी संबंध जोडला, तर जातींची ओळख पटविणे व आकड्यांचा अर्थ लावणे सुकर होईल. संशोधकांनीही आपला निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकापुरता न ठेवता ज्या गावात काम केले, त्या गावाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. माहिती देणाऱ्याचा त्या माहितीवर तेवढा हक्क निश्चितच आहे.

केवलादेवच्या तळ्यावर आजही हिवाळ्यात बदके उतरतात. ते पाणथळ टिकले, याचे श्रेय शासनाच्या संरक्षणाला जसे आहे, तसेच त्या संरक्षणातील उणिवा दाखवून देणाऱ्या अभ्यासालाही आहे. १९८२ साली गेलेले प्राण मात्र कोणत्याही अहवालाने परत आले नाहीत. बंदीपूर्वी काही थोड्या जागी म्हशी थांबवून व काही जागी चालू ठेवून दोन-तीन वर्षे पाहिले असते आणि गावांशी बोलून वैरणीची सोय केली असती, तर गवताची वाढही वेळीच लक्षात आली असती आणि संघर्षही कदाचित टळला असता. निसर्गाविषयीचा कोणताही नियम हा एक प्रयोग असतो. त्या प्रयोगाची नोंद ठेवणे आणि त्याचा भार ज्यांच्या संसारावर पडतो त्यांना त्यात आधीपासून सामील करून घेणे, ही नियम करणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.